काट्यावरच्या मधूचा सिनेमा

आमच्या शेजारचा मधू मला माझ्याच ओट्यावरून उठवतो.

"काकी, जरा बाजूला व्हा. आधी रिकामा घेतो."

मी बाजूला होते. मग तो मोबाइल तीन पायांच्या काठीवर चढवतो आणि माझ्या रिकाम्या ओट्याचं चित्र घेत बसतो. ओट्यावर असतं काय? एक केरसुणी, एक बादली आणि भिंतीचे पोपडे. ते तो पाच-पाच मिनिटं घेतो. मग म्हणतो, "आता बसा." मी बसले की पुन्हा तेवढाच वेळ.

"अरे, ओटा काय पळून चाललाय?" मी एकदा विचारलं.

"तसं नाय काकी. रिकामा घेतला नाय तर तुमी किती बसलात ते कसं कळणार?"

हे मला अजून कळलेलं नाही. पण ते कुठून आलं हे माहीत आहे.

मधूने सगळी नोकरी कळंबोलीच्या लोखंड बाजारात, वजनकाट्यावर काढली. तिथे ट्रक आला की आधी रिकामा काट्यावर चढवतात. मग माल भरून पुन्हा चढवतात. भरल्यातून रिकामा वजा केला की उरतो तो माल. मधू खिडकीच्या आत बसायचा, "रिकामी का भरली?" एवढं विचारायचा आणि पावती फाडायचा. असं तीसेक वर्षं. एकच काम इतकी वर्षं केलं की ते अंगात शिरतं. आमच्या गल्लीत रेल्वेचा एक फाटकवाला राहायचा, तो स्वतःच्या घराचं दारही घड्याळ बघून उघडायचा.

मधू लग्नाला जातो तो तासभर आधी. मांडव रिकामा बघायला. जेवायला बसला की आधी रिकाम्या ताटाकडे बघून घेतो, मग म्हणतो, वाढ. त्याची बायको सुलभा तोंडाची तिखट आहे. ती म्हणते, "आमच्या लग्नात हे रिकाम्या पाटाकडे इतका वेळ बघत बसले, की नवरी येऊन बसली तवा जांभया देत होते."

"जांभई नव्हती ती. होमाचा धूर गेलेला नाकात," मधू म्हणतो.

"धूर नाकात गेला तर माणूस शिंकतो."

याच्यावर मधू पुन्हा ताटाकडे बघायला लागतो.

दुसरी त्याची खोड म्हणजे वजनात खोटं चालत नाही. रिकामी गाडी काट्यावर असताना ड्रायव्हर आत बसून राहतात आणि भरली की उतरतात, म्हणजे माल कमी दिसतो. मधू दोन्ही वेळा केबिनमधली डोकी मोजायचा. एकदा एका ड्रायव्हरने रिकाम्या गाडीत बोकड बसवला होता. लोखंड भरून गाडी परत काट्यावर आली तेव्हा बोकड नव्हता.

"बोकड कुठाय?"

"उतरवला साहेब, कामोठ्याला. मेव्हण्याकडे."

"मग घेऊन ये."

"अहो, लोखंडात बोकडाचं काय?"

"रिकाम्यात होता, भरल्यात पायजे."

त्या ड्रायव्हरने हात जोडले, शिव्या दिल्या, मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवले. शेवटी कामोठ्याहून रिक्षाने बोकड आणला, केबिनमध्ये बसवला, तेव्हा पावती फाटली. रिक्षातून उतरताना बोकडच तेवढा शांत होता, असं मधू सांगतो. अजून सांगतो. आठवड्यातून एकदा तरी.

असा हा माणूस. निवृत्त झाला, दोन महिने घरातली भांडी रिकामी-भरलेली बघितली, आणि एके दिवशी माझ्याकडे येऊन म्हणाला, "काकी, मी सिनेमा काढतोय."

"कुणाचा?"

"आयेचा."

त्याची आई गोमाबाई. आमच्या दोघींची चाळीस वर्षं एकच भिंत. तिकडे तिने मसाला वाटला की इकडे माझ्या फळीवरचे डबे हलायचे. नवरा लवकर गेला. ती मिठागरावर कामाला जायची आणि डोक्यावर मिठाची पाटी घेऊन पनवेलच्या बाजारापर्यंत चालत जायची. त्यावर तिने मधूला वाढवलं. आता मिठागरं गेली, तिथे इमारती आहेत. गोमाबाईही गेली, त्याला दहा-बारा वर्षं झाली.

सिनेमाला पैसा लागतो म्हणतात. मधूकडे तो नव्हता, त्यामुळे त्याने माणसं लावली. माणसं म्हणजे तीन. सुलभा, इकबालभाई आणि मी.

इकबालभाई पनवेलचे तांदळाचे व्यापारी. त्यांच्या तांदळाच्या गाड्या मधूच्या काट्यावर यायच्या, तिथली ओळख. त्यांच्याकडे गोण्या न्यायची हातगाडी आहे. सिनेमात चालत्या माणसाच्या पुढे-पुढे कॅमेरा सरकावा लागतो, तो कसा सरकवायचा? मधू मोबाइल धरून हातगाडीवर उलट्या तोंडाने बसायचा आणि इकबालभाई गाडी ओढायचे.

"मधूभाय, जिंदगीभर चावल ओढला," ते धापा टाकत म्हणायचे. "चावल निदान 'सावकाश, सावकाश' असं ओरडत नाही."

उजेडासाठी पांढरे पत्रे लागतात म्हणे, तोंडावर ऊन परतवायला. मधूने मासळी बाजारातून थर्माकोलच्या खोक्यांची झाकणं आणली. धुतली, पण वास कुठे जातो? इकबालभाई ते झाकण धरून माझ्या समोर उभे राहिले की गल्लीतली मांजरं जमायची. मी बाजारात चालले आहे आणि मागून तीन मांजरं येतायत, असं सिनेमात चार ठिकाणी आहे. मधू म्हणतो, राहू दे, आयेच्या मागे पण मांजरं असायची. हे खरं नाही. गोमाबाई मांजर दिसलं की चप्पल फेकायची.

आवाजाचा तर वनवासच. इकडून रेल्वे, तिकडून पुण्याच्या रस्त्याचे ट्रक, आता वरून विमानं. मधूने खाटेवर गोधड्या टाकून गुहा केली आणि मला आत बसवलं. मे महिना. आत मी, मोबाइल आणि घाम. "बोला काकी." मी बोलायची. "पुन्हा बोला, कुकर झाला मध्ये." बाहेरून सुलभा, "मग काय कुकर लावू नको? आत म्हातारी शिजतेय, तीच जेवायला वाढू?"

मला या कामात घेतलं ते असं. आधी त्याने पनवेलच्या नाटकमंडळीतली एक बाई आणली होती. बाई चांगली होती, पण तिला चुंबळ डोक्यावर ठेवता येईना, आणि पाटी उचलण्याआधी ती दर वेळी उसासा टाकायची. गोमाबाई पाटी उचलताना शिवी द्यायची. ती बाई दोन दिवसांत गेली. मग मधू माझ्याकडे आला.

"मी रडणार नाय," मी आधीच सांगितलं.

"रडू नका."

"गाणंबिणं म्हणणार नाय."

"नको."

"मग करायचं काय?"

"आये चालायची तसं चाला. तुमी पाह्यलंय."

ते मात्र मी पाहिलं होतं. मी पण त्याच वाटेने पाटी घेऊन गेले आहे.

पहिल्या दिवशी त्याने माझ्या म्हातारपणाचा विचार करून पाटीत थर्माकोलचे तुकडे भरले आणि वर मुठीएवढं मीठ पसरलं. मी चालले. इकबालभाईंनी गाडी ओढली. संध्याकाळी ते चित्र त्याने आमच्या गल्लीतल्या चार-पाच म्हाताऱ्यांना दाखवलं. सगळ्या एकदम ओरडल्या.

"मीठ नाय ते!"

"मान बघ तिची. पाटी डोक्यावर हाय का टोपी?"

"कोपर बघ, कसं लोंबतंय. मिठात कोपर असं र्‍हातं का?"

मधूचं तोंड उतरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो ओट्याशी येऊन उभा राहिला. "काकी, काट्यावरचा माणूस मी. मीच खोटं वजन चढवलं." मी म्हटलं, खरं मीठ आण. तो म्हणाला, तुमाला उचलायचं नाय. मी म्हटलं, सगळं नाही उचलणार, अर्धं उचलेन. मग इकबालभाईंच्या दुकानात, तांदळाच्या काट्यावर आधी रिकामी पाटी मोजली, मग मीठ घालून मोजली. मला उचलवेल तेवढं ठरवलं. मी दहा पावलं चालायचे आणि बसायचे. मान आपोआप खाली गेली. कोपर आपोआप वर गेलं. ते चित्र पुन्हा म्हाताऱ्यांना दाखवलं. एकीने नुसतं स्वतःच्या मानेला हात लावला.

असं करत करत सिनेमा होत आला. राहिलं ते शेवटचं. गोमाबाईचं मरण.

इथे मला सरळ सांगायला हवं. गोमाबाई गेली तेव्हा मधू काट्यावर होता. त्याच्या जागी येणारा माणूस आला नव्हता आणि गाड्यांची रांग लागली होती. सुलभा माहेरी, ओव्याला गेली होती. गोमाबाईजवळ मी एकटी होते. काट्याच्या कचेरीत फोन होता, आमच्याकडेही होता. फोन गेला नाही. संध्याकाळी मधू घरी आला तेव्हा दारात माणसं बघून कळलं त्याला.

सुतकात भेटायला आलेल्या बायकांनी त्याला सांगितलं, "बिचारी शेवटपर्यंत दाराकडे डोळे लावून होती रे तुझ्यासाठी." त्यातली एकही बाई तिथे नव्हती. पण असं म्हणायची रीत आहे. मधूने ते ऐकलं आणि घट्ट धरलं. तेव्हापासून दहा-बारा वर्षं तो रोज माझ्या ओट्यावर येतो. भाजीचा भाव विचारतो, पाणी आलं का विचारतो, बोकडाची गोष्ट सांगतो. त्या दिवसाचं कधी विचारलं नाही. आणि विचारल्याशिवाय सांगायची माझी सवय नाही.

सिनेमातल्या आईने मरताना काय बोलायचं ते तो कागदावर लिहून आणायचा. पहिल्या कागदावर होतं, "माझ्या मधूला सांग, मी त्याची वाट पाहिली." मी ते वाचलं.

"कसं वाटतं?" त्याने विचारलं.

"दहाव्याच्या पत्रिकेत छापतात तसं."

दुसऱ्या कागदावर आई देवाचं नाव घेत होती. गोमाबाई देवाला हात जोडायची, पण त्याच्याशी बोलायची नाही. तिसऱ्या कागदावर ती मुलाला माफ करत होती. "कशाबद्दल माफ?" मी विचारलं. त्याने कागद घडी करून खिशात घातला आणि पाणी आलं का विचारलं.

मग एके दिवशी सुलभा आली. एरवी ती भिंतीपलीकडूनच बोलते.

"काकी, उद्या शेवटचं घेतायत. कागद नाय म्हणाले. तुमालाच बोला म्हणणार हायेत."

"मग?"

"काय ते गोड बोला." ती खाली बसली. "आठ दिवस झाले, ताट समोर ठेवलं तरी नुसते बघत बसतात. तुमी म्हणाल ते धरून चालणार हाय तो माणूस. एवढ्या जन्मात तुमी एक शब्द खोटा बोललात तर काय आभाळ पडणार नाय."

"पडणार नाय," मी म्हटलं. "पण बघते."

खरं सांगायचं तर मी त्यावर विचार केला. गोड बोलणं अवघड नसतं. मला येत नाही असं लोकांना वाटतं, पण मला येतं. पण पाटीतला थर्माकोल मी एक दिवस वाहिला होता, आणि तो दिसतो, हे सगळ्या गल्लीने बघितलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला मी त्यांच्या घरी गेले. गोमाबाईची खाट त्याच खोलीत, त्याच जागी ठेवली होती. इकबालभाई झाकण घेऊन खिडकीशी उभे होते. सुलभा चुलीच्या खोलीच्या दारात. मधूने सवयीप्रमाणे रिकामी खाट घ्यायला सुरुवात केली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. इकबालभाईंनी हात बदलला. शेवटी मीच म्हटलं, "मधू, आता मला झोपू दे. पाठ धरलीय माझी."

मी खाटेवर पडले. तो मोबाइलच्या मागे गेला.

"काकी," तो म्हणाला, "कागद नाय आज. तुमाला आठवतं तसं बोला."

एवढं विचारायला त्याला सिनेमा काढावा लागला.

मी छताकडे बघत होते. सुलभा माझ्याकडे बघतेय हे मला न बघता कळत होतं. मग मी गोमाबाईसारखी कुशीवर वळले आणि तिचं बोलणं बोलले.

"नको गं बाय, नको बलावू त्याला. तो येईल आन विचारीत बसेल. कुठं दुखतं, कवापासून दुखतं, इथं दुखतं का तिथं दुखतं. मला जरा गुमान पडू दे. सांच्याला येईलच की तो."

इकबालभाईंच्या हातातलं झाकण जरा खाली आलं.

"असं बोलली?" मधूने विचारलं. तो मोबाइलच्या मागून बाहेर आला होता.

"असंच. मी म्हटलं होतं फोन लावते. तिने मनगट धरलं माझं."

"पण ती दाराकडं बघत होती ना?"

"भिंतीकडे तोंड होतं. दारातून डोळ्यांवर ऊन येत होतं म्हणून वळली होती. दार मीच लोटून घेतलं."

"लोटून?"

"हो."

इकबालभाईंनी झाकण हळूच भिंतीला टेकवून ठेवलं. सुलभाने पदर तोंडाशी धरला होता. मला वाटलं, आता ती मला बोलणार. ती तिथेच दारात खाली बसली.

मधू खाटेजवळ खाली फरशीवर बसला. मग त्याच्या घशातून एक आवाज आला. मी वळून बघितलं तर तो हसत होता. डोळे भरले होते, पण हसत होता.

"कुठं दुखतं, कवापासून दुखतं," तो म्हणाला. "मी तसंच विचारतो, नाय?"

"तसंच. जीव खातोस माणसाचा."

"म्हणजे वाट नव्हती बघत."

"तुझी वाट कशाला बघायची? तू रोज संध्याकाळी यायचास. तिला माहीत होतं."

मग तो विचारायला लागला. दहा-बारा वर्षांचं साठलेलं सगळं. पाणी कुणी दिलं? मी. कशातून? वाटीतून, भांडं तिला पेलत नव्हतं. सकाळी चहा प्यायली होती का? प्यायली, आणि साखर कमी पडली म्हणून बोलली. कुठलं लुगडं होतं अंगावर? हिरवं, विटलेलं. घाबरली होती का? नाही. मग किती वेळ पडून होती? भात शिजतो तेवढा वेळ. मी सगळं सांगितलं. एरवी त्याच्या तिसऱ्या प्रश्नाला मी उठून घरात जाते. त्या दिवशी पडून राहिले. सुलभा चहा ठेवून गेली, तो निवला. इकबालभाई दुकान उघडायचं म्हणून निघाले आणि दारात परत बसले.

शेवटी मधूचे प्रश्न संपले असं वाटलं. मग त्याने माझ्याकडे बघितलं.

"आन तुमी, काकी? तुमी एकट्याच होतात घरात. तुमाला भीती नाय वाटली?"

इतकी वर्षं झाली, माणसं येऊन गेली, गोमाबाईबद्दल सगळ्यांनी सगळं विचारलं. हे कुणी विचारलं नव्हतं.

"वाटली," मी म्हटलं. "तिचा हात मला सोडवेना."

त्याने काही विचारलं नाही. खाटेच्या कडेला माझा हात होता, त्यावर त्याने आपला हात ठेवला आणि आम्ही तसेच राहिलो.